जगबुडीचा मेसेज आणि रायझोबियमचं पाकीट

या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयावर आली आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, त्याची ही कृपा. इतक्या जणांनी तो मला पाठवलाय की आता तोंडपाठ झालाय. त्यामुळे क्षारपड रानाचे आणि गांडूळखताचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. ज्यांची पत्रं मागे राहिली त्यांनी रागावू नये.

बाई, नमस्कार. मेसेजचा कागद सोबत जोडलाय. त्यात लिहिलंय की अमेरिकेत शास्त्रज्ञांनी पिकाच्या काडीकचऱ्यापासून दारू करणारा जिवाणू बनवला, तो मातीत सुटला असता तर पृथ्वीवर एक झाड उरलं नसतं. आणि शेवटी लिहिलंय, ‘आता असलेच जिवाणू कल्चरच्या पाकिटातून तुमच्या रानात येत आहेत.’ मी सोयाबीनला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारा जिवाणू) लावतो आणि उसाच्या बेण्याला ॲसेटोबॅक्टर. थोरला मुलगा म्हणतोय सगळं बंद करा. पाकिटात असलं काही असतं का? आणि एक जिवाणू आपला गुण दुसऱ्याला देतो म्हणतात, ते खरं का?
*– एक ऊस उत्पादक, ता. कागल*

थोरल्याला सांगा, बेणेप्रक्रिया चालू राहील. आता कारण ऐका.

मेसेजमधला जिवाणू खोटा नाही. क्लेबसिएला प्लँटिकोला हे त्याचं नाव, झाडांच्या मुळांभोवती राहणारा साधा जीव. झायमोमोनास नावाच्या दुसऱ्या एका जिवाणूकडे साखरेचं अल्कोहोल करण्याची हातोटी असते. त्यातलं एक जनुक काढून या क्लेबसिएलात घातलं होतं. बेत असा की शेतातला काडीकचरा टाकीत आंबवायचा, त्यातून इथेनॉल काढायचं आणि तळाचा गाळ खत म्हणून रानात पसरायचा. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मोलॅसिसवर हेच करतात, फक्त यीस्टच्या जोरावर.

गाळाबरोबर जिवंत जिवाणू रानात गेले तर काय होईल, हे ओरेगन स्टेट विद्यापीठात तपासलं गेलं. भांड्यांत रेताड माती, त्यात गव्हाची रोपं, काही भांड्यांत हा बदललेला जिवाणू, काहींत मूळचा. बदललेला जिवाणू होता त्या भांड्यांतली रोपं मेली. १९९९ मध्ये ते छापून आलं. प्रयोग चांगला होता, करायलाच हवा होता. पण पुढे त्या गटातल्या एका मृदाशास्त्रज्ञ बाईंनी भांड्यावरून थेट पृथ्वीवर उडी मारली. २००१ मध्ये न्यूझीलंडच्या जनुकबदलाविषयीच्या शाही आयोगापुढे हा जिवाणू जमिनीवरची सगळी झाडं संपवू शकला असता असं त्यांनी मांडलं. इतर शास्त्रज्ञांनी आधार मागितला, तेव्हा पुराव्यादाखल दिलेला एक शोधनिबंध अस्तित्वातच नसल्याचं निघालं आणि त्यांना साक्षीला आणणाऱ्या तिथल्या ग्रीन पार्टीला आयोगाची माफी मागावी लागली. हा जिवाणू कुठल्याही शेतात कधी सोडला गेला नाही. शिवाय न बदललेला क्लेबसिएलाही थोडंफार इथेनॉल करतोच, आजही, तुमच्या बांधावर. आणि मातीत इथेनॉल खाऊन जगणाऱ्या जिवाणूंना तोटा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने माफीपर्यंतचा भाग गाळला, एवढंच.

आता कल्चरचं पाकीट. अशी जिवाणूंची जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली येतात. भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूप असेल तर दर मिलिलिटरला १० कोटी. त्यातला जिवाणू कुठल्या तरी रानातल्या पिकाच्या मुळावरच्या गाठीतून वेगळा काढून, चाचण्या घेऊन निवडलेला असतो. उसाचा ॲसेटोबॅक्टर तर ब्राझीलमध्ये उसाच्या आतच राहत असलेला सापडला. योहाना डोबेरायनर बाईंच्या गटाने १९८८ मध्ये त्याची माहिती दिली. जनुकीय बदल केलेला (जीएम) जिवाणू आपल्या देशात शेतात सोडायचा तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात आणि दिल्लीतल्या जीईएसी समितीची परवानगी लागते. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात तो गुपचूप पाकिटातून येण्याचा संबंध नाही. त्या पाकिटाबाबत मला वेगळीच काळजी असते: दुकानाच्या पत्र्याखाली मे महिनाभर तापून त्यातले किती जिवंत राहिले? तारीख बघून घ्या, सावलीत ठेवा, आणि थायरम हे बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी ते, रायझोबियम सगळ्यात शेवटी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. गरम पाण्यात कालवणारेही मी पाहिलेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तोच खरा मोलाचा आहे. होय, जिवाणू एकमेकांना जनुकं देतात. भाऊबंदांना देतात, परक्यांनाही देतात. बऱ्याच जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज जनुकांची छोटी छोटी कडी असतात, त्यांना प्लाझमिड म्हणतात. दोन पेशी चिकटल्या की एकीतल्या प्लाझमिडची प्रत दुसरीत जाते. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपल्या घरचं दही संपत नाही, तसंच. देणाऱ्याकडेही राहतं, घेणाऱ्याकडेही होतं.

आणि हे घडायला जीएम जिवाणूच लागतो असं मुळीच नाही. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या वेलीसाठी एका रानात एकाच जातीचं रायझोबियम टाकलं होतं. त्या मातीत लोटसवर गाठी करणारं आधीचं कुणी नव्हतं. सात वर्षांनी मुळं उपटून पाहिली तर गाठींमध्ये तऱ्हेतऱ्हेचे स्थानिक जिवाणू बसलेले. पाहुण्याच्या गुणसूत्रातला जवळजवळ ५ लाख अक्षरांचा एक आख्खा तुकडा, ज्यात गाठ बांधण्याची आणि नत्र धरण्याची सगळी विद्या होती, तो उचलून त्यांनी आपल्यात बसवला होता. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्ही मंडळी थक्क झालो होतो. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या जिवाणूंबाबतही अशा देवाणघेवाणीच्या खुणा सापडल्या आहेत, म्हणजे तुमच्या रानातही असं काही होत नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

यात तोटा होऊ शकतो का? होऊ शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरुला नावाच्या चाऱ्याच्या पिकावर नेमकं हेच झालं. स्थानिक जिवाणूंनी गाठ बांधायची कला उचलली, पण नत्र धरण्यात ते कच्चे निघाले. गाठी भरपूर, फायदा कमी. आणि तेही बिनबदलाच्या, नैसर्गिक कल्चरमुळे. म्हणून सांगते, पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी सोयाबीनचं एखादं रोप फावड्याने मातीसकट उचला, बादलीत हलक्या हाताने धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी निघाली तर ती कामाची आहे. हिरवट किंवा पांढरीफटक निघाली तर तिथे कुणी फुकट बसलंय. मग पुढच्या हंगामात कल्चर पुन्हा लावा, मागच्याच्या भरवशावर राहू नका.

बाई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संयुग्मनाचं, म्हणजे जिवाणूंनी चिकटून एकमेकांना जनुकं देण्याचं प्रॅक्टिकल केलं, टेस्टट्यूबमध्ये ते इतकं सहज होतं की भीतीच वाटली. जीएम जिवाणू मातीत सोडला तर त्याचं जनुक पसरणारच ना? त्यात सुसाइड जीन, म्हणजे त्या पेशीलाच मारणारं जनुक घातलं की पुरे का?
*– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

तुझ्या त्या प्रॅक्टिकलचा वास अजून माझ्या नाकात आहे. एका ट्यूबमध्ये ॲम्पिसिलिनला दाद न देणारे ई. कोलाय, दुसरीत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे. दोन्ही एकत्र करून ३७ अंशांवर ठेवायचे, न हलवता, आणि मग दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर पांढरट ठिपके. एकट्या कुणालाच तिथे जगणं शक्य नाही, तरी ठिपके आहेत. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये या मिलनाचा पुरावा दिला तेव्हा त्यांचीही युक्ती मुळात हीच होती: दोघांनाही एकेकटं जगता येणार नाही असं ताट वाढायचं आणि कोण जगतं ते बघायचं. फक्त त्यांनी औषधांऐवजी पोषणद्रव्यांची उपासमार वापरली.

पण त्या ट्यूबमध्ये तू काय काय दिलंस ते बघ. पोटभर अन्न, ऊब, दाटीवाटी, आणि दाता मुद्दाम उदार निवडलेला. मातीत जिवाणू बहुतेक वेळ अर्धपोटी असतात, एकेका कणाच्या खाचेत अडकलेले, मध्ये पाण्याचा पदरही सलग नसतो. हाच प्रयोग निर्जंतुक केलेल्या मातीत केला तर बऱ्यापैकी होतो, कच्च्या मातीत आकडा धाडकन खाली येतो. जिथे मुळं साखर पाझरतात तिथे, शेणखताच्या ढेकळात आणि गांडुळाच्या पोटात मात्र तो पुन्हा चढतो. म्हणजे ‘मातीत’ असं सरसकट म्हणायची सोय नाही. मुळापासून बोटभर दूर गेलं की दुनिया बदलते. आणि संयुग्मन हा एकच रस्ता नाही. मेलेल्या पेशीचा सांडलेला डीएनए उचलणं, जे ग्रिफिथला १९२८ मध्ये दिसलं, आणि जिवाणूंवर जगणाऱ्या फेज विषाणूंनी चुकून वाहून नेणं, जे झिंडर आणि लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दाखवलं, हे दोन्हीही मातीत चालतात. परीक्षेत तीनही लिही.

प्रत्यक्ष शेतात काय दिसलं? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९८७ मध्ये खूण केलेलं रायझोबियम रानात सोडलं. त्याचं गाठींचं प्लाझमिड प्रयोगशाळेत सहज पसरणारं, म्हणून निवडलेलं. जिवाणू वर्षानुवर्षं मातीत टिकला, पण प्लाझमिड शेजाऱ्यांकडे गेल्याचं काही आढळलं नाही. आता हे न्यूझीलंडच्या गोष्टीशेजारी ठेव, जी मी वर कागलच्या भाऊंना सांगितली. एका ठिकाणी काही नाही, दुसऱ्या ठिकाणी सात वर्षांत गावभर. फरक कुठे पडला? माझ्या मते मुख्य फरक गरजेचा. लोटसच्या रानात ते जनुक मिळवणाऱ्याला रिकामं घर मिळत होतं, कारण गाठ बांधणारं दुसरं कुणी नव्हतंच. इंग्लंडच्या मातीत त्या पिकाच्या गाठी बांधणारे आधीपासूनच भरपूर होते. तिथे ते प्लाझमिड घेऊन कुणाचं काय भलं होणार? जनुक दिलं जातं का, याच्यापेक्षा घेणाऱ्याचं त्यावर पोट भरतं का, हे विचारायला शीक. मुलाखतीतसुद्धा.

थांबवण्याच्या उपायांपैकी मला सगळ्यात आवडतो तो ऑस्ट्रेलियातला. पीच, बदाम, गुलाब यांच्या बुंध्यावर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम तुला माहीत आहे. ॲडलेडच्या ॲलन कर यांनी त्याचाच एक निरुपद्रवी भाऊ शोधला, के-८४. हा एक विष तयार करतो, त्याने गाठवाला मरतो. रोपं त्याच्या पाण्यात बुडवून लावायची, झालं काम. पण विष करण्याचं आणि विषापासून वाचण्याचं, दोन्ही जनुकं एकाच प्लाझमिडवर आणि ते प्लाझमिड फिरतं. ते एकदा गाठवाल्याच्या हाती लागलं की औषध संपलं. मग त्यांनी काय केलं, तर प्लाझमिडवरचा फिरण्यासाठी लागणारा भागच कापून टाकला. नवं काही घातलं नाही, पाय काढले. तो के-१०२६. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो विक्रीला आला, जगात बाजारात आलेल्या अगदी पहिल्या जीएम जिवाणूंपैकी एक. जनुकांची देवाणघेवाण थांबावी म्हणून केलेला जनुकबदल. विरोध करणाऱ्यांना आणि आंधळा पाठिंबा देणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं जातं.

याच्या उलट अमेरिकेत १९९७ मध्ये लसूणघासासाठी मंजूर झालेलं रायझोबियम बघ. नत्राची जादा जनुकं घातली ते ठीक, पण बदललेल्या पेशी ओळखायच्या खुणेसाठी वापरलेलं स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारं जनुकही तसंच ठेवून विकायला परवानगी दिली. त्यावर तेव्हा वाद झाला आणि तो रास्त होता. काम झालं की खूण काढून टाकायला काय हरकत होती?

सुसाइड जीनचं गणित स्वतः कर. समज, दर दहा लाख पेशींमागे एखादीत ते जनुक बिघडतं आणि ती वाचते. ग्रॅमभर मातीत १० कोटी पेशी सोडल्यास तर मागे किती उरल्या? शंभर. आणि त्या शंभर आता मरायचं विसरलेल्या आहेत. शिवाय पेशी मेली तरी तिचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून काही काळ राहतो, तो उचलणारे असतातच. म्हणून एकट्या सुसाइडवर कुणी शहाणा विसंबत नाही. जनुक प्लाझमिडऐवजी गुणसूत्रात बसव, फिरण्याचा भाग काप, खुणेचं औषध-प्रतिकाराचं जनुक ठेवू नकोस, आणि मगच सुसाइडचं बघ.

उसात दरवर्षी टू-फोर-डी तणनाशक मारतो. इतकी वर्षं मारून ती जमिनीत साठत गेली असेल का? तिला खाणारे जिवाणू विकत मिळतात का?
*– एक वाचक, ता. शिरोळ*

साठत नाही. उबदार, ओलसर, जिवंत मातीत टू-फोर-डी साधारण काही आठवड्यांत मोडते आणि मोडणारे जिवाणूच असतात. जिथे ती वारंवार पडते तिथे ती अधिक वेगाने मोडते, हे ऑडस या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्येच दाखवलं होतं. त्यामागचं एक कारण पुढे कळलं: ती मोडायची जनुकं पुष्कळदा फिरत्या प्लाझमिडवर असतात. सगळ्यात जास्त अभ्यासलेलं पीजेपी-४ हे १९८० च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात मिळालं.

विकतचे जिवाणू आणून टाकण्याचा विचार मात्र सोडा. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात असलं प्लाझमिड असलेले जिवाणू मातीत मिसळले. आणलेले जिवाणू लवकरच कमी झाले, नव्या मातीत परक्याचा निभाव लागत नाही. पण तेवढ्या वेळात त्यांनी प्लाझमिड स्थानिकांना दिलं होतं आणि मग त्या स्थानिकांनी तणनाशक फस्त केलं. तुमच्या रानात वर्षानुवर्षं टू-फोर-डी पडतेय, म्हणजे ही मंडळी तिथे आधीच जेवायला बसलेली आहेत.

तुमची काळजी जमिनीपेक्षा वाऱ्याची असू द्या. वारं सुटल्यावर मारलेली टू-फोर-डी शेजाऱ्याच्या भेंडीवर गेली की पानं आकसून पंज्यासारखी होतात, आणि मग बांधावर जे होतं ते कुठला जिवाणू मोडत नाही. उसात सोयाबीन किंवा भुईमूग आंतरपीक असेल तर मारूच नका.

बाई, मी शिक्षिका आहे. बीटी पिकांतली ‘अँटिबायोटिकची जनुकं’ मातीतल्या जिवाणूंत शिरतात, असं वाचलं. आणि परवा वर्गात एकाने विचारलं, रताळं जीएम आहे का? एकादशीच्या तोंडावर काय सांगू?
*– गडहिंग्लज*

त्या मुलाला एक वही बक्षीस द्या. २०१५ मध्ये लागवडीच्या २९१ रताळ्यांच्या वाणांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्या सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमची जनुकं सापडली. माणसाने घातलेली नाहीत. कधीकाळी त्या जिवाणूने रताळ्याच्या पूर्वजाला गाठलं आणि ती तिथेच राहिली. प्रयोगशाळेत जीएम पिकं करताना बहुतेकदा याच जिवाणूला कामाला लावतात. उपास मोडत नाही, निवांत खा.

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे २००२ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कापसात खुणेसाठी कॅनामायसिनला दाद न देणारं जनुक होतं, हे खरं. झाडातून ते मातीतल्या जिवाणूत जाणं प्रयोगशाळेत दिसतं, पण जिवाणूला आधीच त्या जनुकाचा जुळणारा तुकडा देऊन ठेवला असेल तरच नीट दिसतं. कॅनामायसिन मुळात मातीतल्याच एका स्ट्रेप्टोमायसिसकडून मिळालेलं औषध आहे, त्यामुळे त्याला तोंड देणारी जनुकं मातीत माणसाच्या आधीपासून आहेत. मी कापसापेक्षा खालच्या पत्राची काळजी जास्त करते.

म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली की डॉक्टर सडात ट्यूब सोडतात. त्या दिवसांचं दूध डेअरीला घालत नाही, उकिरड्यावर ओततो. तेच शेण पुढे जीवामृताला जातं. तुमचं जनुकांचं बोलणं ऐकून शंका आली, यात काही बिघडतं का?
*– एक दूध उत्पादक, ता. करवीर*

बिघडतं. दूध डेअरीला घालत नाही हे उत्तम करता, पुष्कळजण तेवढंही पाळत नाहीत. पण उकिरड्यावर काय होतं ते बघा. शेणात जिवाणू खच्चून भरलेले, अन्न भरपूर, ऊब भरपूर, वर थोडं थोडं औषध. मघाशी त्या मुलीला सांगितलेली प्रॅक्टिकलची प्लेट तुम्ही बैलगाडीभर करून ठेवलीत. औषधाला न जुमानण्याचं जनुक ज्याच्याकडे आहे तो वाढणार, शेजाऱ्याला प्रत देणार, आणि जीवामृताच्या पिंपात गूळ आणि बेसन घातल्यावर तर पंगतच. पुढे ते पाणी पालेभाजीवर पडतं. औषध दिलेल्या जनावरांचं शेणखत पडलेल्या मातीत अशी जनुकं वाढतात, हे युरोपातल्या शेतांवर चांगलं तपासलं गेलंय. यात जीएमचा काडीचा संबंध नाही.

औषधाची मुदत संपेपर्यंत त्या जनावराचं शेण वेगळं टाका, जीवामृताला घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस म्हणजे दुधाचे; शेणासाठी त्यावर आणखी आठवडा धरा, हा माझा अंदाज, नियम नाही. दूध उकिरड्यावर किंवा गटारात न ओतता गोठ्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्ड्यात घाला आणि माती लोटा. रेडकाला पाजू नका, तेही हेच काम करतं, फक्त त्याच्या पोटात. वेगळ्या टाकलेल्या शेणाचा ढीग पालापाचोळा मिसळून उंच रचा, आतून हात लावता येऊ नये इतका तापू द्या आणि वरखाली करा. चांगल्या तापलेल्या खतात बरीचशी औषधं मोडतात, सगळी नाही. ते खत भाजीला न घालता उसाच्या सरीत लागणीआधी मातीआड करा.

आणि ट्यूब स्वतः आणून सोडत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. तुम्ही पत्रात ‘डॉक्टर सोडतात’ लिहिलंय, पण डॉक्टर हा शब्द मागाहून वर लिहिलेला दिसतोय.